गाडीच्या सीटचा रंग घरच्या घरी बदलता येतो का? रेक्झीन, लेदर आणि कापड, तिघांचं उत्तर वेगळं आहे

भारतात विकल्या गेलेल्या कितीतरी सेडान आणि हॅचबॅक गाड्यांच्या आत एक रंग हमखास दिसतो, तो म्हणजे बेज. कुणी त्याला क्रीम म्हणतं, कुणी बदामी. शोरूममध्ये ही फिकट सीट छान दिसते, छोटी केबिनसुद्धा ऐसपैस वाटते. मग पहिला पावसाळा येतो, चिखलाचे बूट येतात, मुलांच्या हातातलं चॉकलेट येतं आणि नव्या जीन्सचा निळा रंग ड्रायव्हरच्या सीटवर उतरतो. तीन-चार वर्षांत बदामी सीट मळकट दिसायला लागते. जुनी गाडी घेणाऱ्याला तर ती तशीच मिळते.

अशा वेळी दोन पर्याय सगळ्यांनाच माहीत असतात. एक तर सीट कव्हर टाकायचं, नाहीतर कुशनवाल्याकडे जाऊन नवं रेक्झीन चढवून घ्यायचं. तिसरा पर्याय अलीकडे मोबाइलवर दिसतो. रंगाची एक बाटली, एक स्पंज, आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओत बदामीची काळीभोर झालेली सीट. व्हिडिओतलं सगळंच खोटं नसतं. लेदरवर आणि चांगल्या स्थितीतल्या रेक्झीनवर हे काम घरी होऊ शकतं. कापडी सीटवर मात्र ते बहुतेक वेळा फसतं. आणि सीट कोणतीही असली तरी दोन जागा अशा आहेत जिथे रंगाचा थेंबही जाता कामा नये. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

आधी सीट कशाची आहे ते ओळखा

गाडीच्या सीटवर साधारण तीन प्रकारची आवरणं असतात: कापड, रेक्झीन आणि लेदर. कापड ओळखायला कुणाची मदत लागत नाही. गोंधळ होतो तो बाकीच्या दोघांत, कारण विकताना दोघांनाही सर्रास 'लेदर सीट' म्हटलं जातं.

कंपनीच्या माहितीपत्रकात 'लेदरेट' किंवा 'आर्टिफिशियल लेदर' असं लिहिलं असेल तर ते कातडं नाही. कापडाच्या पायावर प्लॅस्टिकचा थर चढवून ते बनतं. हा थर पीव्हीसीचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा, म्हणजेच पीयूचा. आपल्याकडे या सगळ्यालाच रेक्झीन म्हणतात. खरं तर रेक्झीन हे इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड या गावात बनणाऱ्या कृत्रिम चामड्याचं व्यापारी नाव होतं. त्या मूळ रेक्झीनमध्ये सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर असायचा. तो माल गेला, पण नाव आपल्याकडे घट्ट चिकटून राहिलं.

ओळखायची सोपी जागा म्हणजे सीटची खालची किंवा मागची बाजू, जिथे आवरणाची कड दुमडलेली असते. कडेला आतून विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झीन. आतून मऊ, तंतूतंतू सुटलेला, सुएडसारखा भाग दिसला तर लेदर. वरच्या बाजूची नक्षी सगळीकडे अगदी सारखी, ठशाने उठवल्यासारखी असेल तर रेक्झीनचीच शक्यता जास्त, पण कंपन्या लेदरवरही ठसा उठवतात, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. काडी पेटवून जाळून बघण्याचा सल्लाही काही जण देतात. सीटवर असला प्रयोग अजिबात करायचा नाही, खाली फोम असतो.

अजून एक गोष्ट. ज्या गाड्यांत खरोखर लेदर असतं, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ते फक्त सीटच्या मधल्या भागात, अंग टेकतं तिथेच असतं. बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झीनचा. म्हणजे एकाच सीटवर दोन पदार्थ, आणि एकच रंग दोघांवर वेगळा बसणार.

कापडी सीट घरी का रंगत नाही?

घरात जुना कुर्ता किंवा ओढणी रंगवणं नवीन नाही. बाजारातून पुडी आणायची, गरम पाण्यात मीठ आणि रंग घालायचा, कपडा बुडवून ढवळत राहायचं. मग सीटवर हेच का चालत नाही?

याचं उत्तर धाग्यात आहे. कुर्ता सुती असतो. सुताला पाणी प्रिय, आणि पाण्यात विरघळलेला रंग त्याच्या तंतूत शिरून बसतो. गाडीच्या सीटचं कापड बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं, कारण ते झिजत नाही, उन्हात लवकर विटत नाही आणि स्वस्त पडतं. पॉलिस्टर मात्र पाण्याला आत घेत नाही. त्याच्यासाठी डिस्पर्स नावाचे वेगळे रंग लागतात आणि तेही तंतूत शिरायला भरपूर उष्णता मागतात. सूरतच्या प्रोसेस हाऊसमध्ये पॉलिस्टर रंगतं ते बंद यंत्रात, दाबाखाली, साधारण १३० अंश सेल्सिअस तापमानाला. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणून दाब लागतो.

सिंथेटिक कापडासाठीचे घरगुती रंगही मिळतात. पण त्यांनाही जवळजवळ उकळत्या पाण्यात बराच वेळ कापड बुडवून ठेवावं लागतं. सीटचं कापड पातळ फोमच्या थराला चिकटवलेलं असतं, ते शिवून साच्यात बसवलेलं असतं आणि खाली जाड कुशन असतं. हे सगळं पातेल्यात बुडणार कसं?

काही जण मग स्प्रेच्या बाटलीत रंग भरून तो सीटवर फवारतात. दिसायला सीट रंगते. पण रंग तंतूत न शिरता नुसता वर आणि फोममध्ये साचलेला असतो. जास्तीचा रंग धुऊन काढायची सोय नाही, कारण धुतलेलं पाणी फोममध्येच मुरणार. पुढे घाम, पाऊस किंवा सांडलेली पाण्याची बाटली लागली की तो रंग सुटतो आणि थेट पांढऱ्या सदऱ्यावर, साडीवर, मुलांच्या शाळेच्या गणवेशावर उतरतो. सीटचा रंग बदलायच्या नादात कपड्यांचा रंग बदलणं, हा कापडी सीटच्या बाबतीत सगळ्यात नेहमीचा शेवट आहे.

एक मधला मार्ग आहे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. कापडावर वापरायचा ॲक्रिलिक रंग पाणी किंवा फॅब्रिक मीडियम घालून पातळ करायचा, किंचित ओलसर केलेल्या सीटवर ब्रशने चोळत लावायचा आणि सुकताना कडक ब्रशने तंतू मोकळे करत राहायचं. असे तीन-चार पातळ हात दिले की रंग धरतो. हा रंग धाग्यांना प्लॅस्टिकच्या पापुद्र्यासारखा गुंडाळून बसतो, त्यामुळे कापडाचा मऊपणा जातो. मागच्या सीटची पाठ, हेडरेस्ट, क्वचित वापरली जाणारी तिसरी रांग इथे हे चालून जातं. ड्रायव्हरच्या सीटवर, जिथे माणूस रोज घासून चढतो-उतरतो, तिथे काही महिन्यांत कडा पांढऱ्या पडू लागतात.

कापडी सीट असेल तर रंगाआधी एकदा ओली स्वच्छता करून घेतलेली बरी. पाणी फवारून लगेच ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमने निघालेलं काळं पाणी पाहिलं की कळतं, रंग विटलेला नव्हताच, वर्षानुवर्षांचा मळ होता. आणि एक अपवाद आहे. सरकारी ॲम्बॅसडरमध्ये दिसायची तशी पांढरी टॉवेलची किंवा सुती कव्हरं असतील, तर ती काढून घरी बिनधास्त रंगवता येतात. तिथे मीठ आणि पुडीचा मामला चालतो.

रेक्झीन: रंग बसतो, पण पॉलिश आडवं येतं

भारतातल्या बहुसंख्य 'लेदर सीट'वाल्यांसाठी हाच भाग कामाचा.

रेक्झीनमध्ये रंग मुरत नाही, वर बसतो. म्हणजे ही रंगाई नसून एक लवचिक थर चढवणं आहे. याचा फायदा असा की फिकटावर गडद आणि गडदावर फिकट, दोन्ही शक्य आहे. तोटा असा की खालच्या पृष्ठभागाला तो चिकटलाच नाही तर सापाच्या कातीसारखा निघून येतो.

चिकटण्याच्या आड दोन गोष्टी येतात. पहिली रेक्झीनच्या पोटातूनच येते. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपसारखं. त्याला मऊ करायला त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात, त्यांना प्लॅस्टिसायझर म्हणतात. ही द्रव्यं वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. नव्या गाडीच्या काचेवर आतून जो धूसर पातळ थर जमतो, त्यातही यांचा वाटा असतो. दुसरी गोष्ट आपण स्वतः लावलेली असते. डॅशबोर्ड आणि सीट चकचकीत करायचं पॉलिश. त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर कुठलाच रंग टिकत नाही. दर रविवारी प्रेमाने पॉलिश केलेली सीट रंगायला सगळ्यात त्रासदायक ठरते.

म्हणून रेक्झीनच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ साफसफाईत जायला हवा. आधी कोरडं व्हॅक्यूम, शिवणींच्या खाचांतही. मग कोमट पाण्यात सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ओल्या फडक्याने साबण पूर्ण पुसून काढायचा आणि सीट सुकू द्यायची. त्यानंतर स्वच्छ पांढऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन थोडा थोडा भाग पुसत जायचं. कापड मळलं की बदलायचं. पुसलेल्या जागेवर पाण्याचा शिडकावा केला आणि पाण्याचे मणी होऊन घरंगळले, तर पॉलिश अजून शिल्लक आहे. पाणी सपाट पसरलं तर काम झालं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चोळायचं नाही. ते रेक्झीनचा वरचा थरच विरघळवतं.

रंगही ठरावीक लागतो. घराच्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट किंवा गाडीच्या पत्र्याचा स्प्रे इथे चालत नाही. तो सुकला की कडक होतो, आणि सीट तर माणूस बसला की वाकते, दबते, ताणली जाते. दोन दिवसांत तडे जातात. डब्यावर 'व्हिनाइल' असं स्पष्ट लिहिलेला रंगच घ्यायचा. स्प्रेच्या डब्यातल्या व्हिनाइल रंगातली द्रावकं रेक्झीनचा वरचा थर किंचित मऊ करतात, म्हणून रंग त्यात धरला जातो. पाण्यात मिसळणारे रंगही मिळतात. त्यांना वास कमी, पण त्यांच्याआधी चिकटण्यासाठीचा प्रायमर लावावा लागतो.

मारताना पातळ हात मारायचा. पहिला हात इतका पातळ की खालचा रंग दिसतच राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. घाई करून जाड हात मारला की रंग ओघळतो, खाचांत साचतो आणि सीटवरची नक्षी बुजते. तीन ते पाच पातळ हात, प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ. घड्या पडतात त्या जागा हाताने ताणून आत रंग पोचवायचा, नाहीतर बसल्यावर काळ्या सीटवर बदामी रेषा चमकतात. व्हेंटिलेटेड सीट असेल, म्हणजे बारीक छिद्रांतून हवा येणारी, तर स्पंजने किंवा ब्रशने रंग लावला की छिद्रं बुजणार. तिथे फक्त हलका स्प्रे, आणि तोही थोडा तिरका.

हे सगळं करण्यात अर्थ नाही अशी एक अवस्था असते, ती ओळखता आली पाहिजे. पीयूचं रेक्झीन दमट हवेत आतून कुजतं. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंची साखळी तोडतो, याला हायड्रोलिसिस म्हणतात. मुंबई आणि कोकणात कपाटात ठेवलेल्या पर्स आणि बुटांचे पापुद्रे सुटतात, ते यामुळेच. सीटचे असे पापुद्रे सुटायला लागले असतील तर त्यावर कितीही महाग रंग लावा, रंग पापुद्र्याला चिकटतो आणि पापुद्रा खाली पडतो. ही सीट कुशनवाल्याकडेच जाणार.

लेदर: सगळ्यात समाधान देणारं काम

लेदर म्हटलं की ते रंग पिऊन घेईल असं वाटतं. पण गाडीतलं बहुतेक लेदर कारखान्यातच रंगद्रव्याच्या थराने आणि त्यावर पीयूच्या पारदर्शक थराने झाकलेलं असतं. सीटवर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर लेदर झाकलेलं आहे. पटकन मुरून डाग गडद झाला तर ते उघडं, ॲनिलिन प्रकारचं आहे. अशा लेदरला घरी हात लावू नये, सुधारण्यापेक्षा बिघडण्याचीच शक्यता जास्त.

झाकलेल्या लेदरचा वरचा थर आधी खरबरीत करावा लागतो, म्हणजे नव्या रंगाला पकड मिळते. लेदर प्रेपरेटर नावाचं द्रव्य आणि हलक्या हाताने फिरवलेली बारीक घासणी किंवा ६०० ते ८०० नंबरचा पॉलिश पेपर एवढं पुरतं. चमक गेली की थांबायचं. तडे असतील तर लेदरसाठीचा लवचिक फिलर बोटाने भरून, सुकल्यावर घासून सपाट करायचा. भिंतीचा पुट्टी-लांबी प्रकार इथे चालत नाही, पहिल्याच बसण्यात तो सुटतो.

रंग पाण्यात मिसळणारा, लेदरसाठीचा. पहिला हात स्पंजने, दाबून टिपल्यासारखा, म्हणजे तो खाचांत आणि छिद्रांत बसतो. पुढचे हात एअरब्रशने मारले तर ठसे दिसत नाहीत, पण स्पंजनेही काम भागतं. मध्ये मध्ये हेअर ड्रायर फिरवला की वेळ वाचतो. रंग मनासारखा झाला की वर पारदर्शक टॉपकोट, आणि हा टप्पा गाळायचा नाही. रंग दिसतो तो खालच्या थराचा, पण झीज सोसतो तो टॉपकोट. मॅट घ्या. चकचकीत टॉपकोटची सीट लेदरची असूनही प्लॅस्टिकची दिसते.

इथे रंगाची निवड महत्त्वाची. तपकिरीवर काळा, बदामीवर तपकिरी हे प्रवास सोपे. काळ्यावर बदामी करता येतो, पण हात जास्त लागतात आणि पुढे प्रत्येक ओरखडा खालचा काळा दाखवतो. आहे तोच रंग ताजा करणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात टिकाऊ, कारण झीज झाली तरी ती लपते.

बुटाचं पॉलिश लावून लेदर सीट काळी करण्याचा 'देशी जुगाड' अधूनमधून कानावर येतो. बुटाचं पॉलिश हे मुख्यतः मेण असतं. पायातल्या बुटाला आपण पाठ टेकून बसत नाही, म्हणून ते तिथे खपतं. उन्हात तापलेल्या सीटवर ते वितळतं आणि शर्टावर छापा उठतो.

काळा करण्याआधी उन्हाचा विचार

मळ दिसू नये म्हणून बहुतेकांना सीट काळी हवी असते. पण गडद पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेंपी शहरात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या सीटचं सरासरी तापमान ५१ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि डॅशबोर्डचं ६९ अंशांच्या आसपास भरलं होतं. तिथली हवा वाळवंटी आहे, पण मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरकरांना हे आकडे परके वाटणार नाहीत. हाफ पँट घातलेलं मूल काळ्या रेक्झीनवर बसताना का किंचाळतं, ते यातून कळतं. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर मध्यम तपकिरी किंवा राखाडी हा जास्त शहाणा पर्याय. मळही लपतो, आणि चटकेही थोडे कमी बसतात.

दोन जागा जिथे रंग न्यायचाच नाही

पहिली जागा सीट बेल्ट. बदामी सीट काळी केली की राखाडी पट्टा विजोड दिसतो आणि त्यालाही रंग द्यायचा मोह होतो. पट्टा पॉलिस्टरच्या धाग्यांनी घट्ट विणलेला असतो आणि अपघातात क्षणार्धात माणसाचं वजन अनेक पटींनी त्याच्यावर येतं. रंग, ब्लीच आणि द्रावकांनी धागे कमजोर होऊ शकतात, आणि ते नजरेला दिसत नाही. बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतही पट्ट्याला रंग किंवा ब्लीच लावू नका असं लिहिलेलं असतं. काम सुरू करण्याआधी पट्टे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मास्किंग टेप लावून ठेवा. बकल्सची तोंडंही बंद करा, आत रंग गेला तर खटका अडकतो.

दुसरी जागा साइड एअरबॅगची. पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, दरवाजाच्या बाजूला, 'एसआरएस एअरबॅग' असा छोटा टॅग शिवलेला असेल तर आत एअरबॅग आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही सुरक्षा चाचणी सुरू झाली, आणि त्या सुमारास अनेक कंपन्यांनी साध्या मॉडेलमध्येही सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली. त्यामुळे हा टॅग आता महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. धडक बसली की ही पिशवी सीटची ठरावीक शिवण फाडून बाहेर येते, आणि ती वेळेवर फाटावी असाच तिथला दोरा असतो. शिवणीवर फिलर, जाड रंग किंवा टॉपकोट चढवून ती सांधली तर पिशवी उघडायला अडथळा येऊ शकतो. टॅगच्या आसपासची शिवण झाकून ठेवा. रंगात थोडा फरक राहिला तर राहू द्या. साधं, फाटण्याची सोय नसलेलं सीट कव्हरही इथे तितकंच धोक्याचं असतं.

सीट गाडीबाहेर काढून रंगवली तर काम सोपं होतं, व्हिडिओत तसंच दाखवतात. बऱ्याच गाड्यांत पुढची सीट मोजक्या बोल्टवर बसवलेली असते. पण तिच्याखाली वायरींचे कनेक्टर असतात आणि त्यातला पिवळा सहसा एअरबॅगचा असतो. तो काढून गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अनेकदा वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. प्रवाशाच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सरही असू शकतो. साइड एअरबॅग असलेली सीट घरी काढू नये. गाडीतच मास्किंग करून रंगवावी, वेळ जास्त लागला तरी चालेल.

'घरी' म्हणजे नक्की कुठे?

परदेशी व्हिडिओत घराला गॅरेज असतं. आपल्याकडे घर म्हणजे तिसरा मजला आणि गाडी म्हणजे सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, नाहीतर तळघर. स्प्रेच्या रंगात ज्वलनशील द्रावकं असतात आणि त्यांची वाफ बंद जागेत साठते. तळघरात, बंद काचांच्या गाडीत हे काम करायचंच नाही. चारही दरवाजे उघडे, वारा खेळता, पण धूळ उडणार नाही अशी सावलीची जागा हवी. केबिनचा दिवा, पंखा, म्युझिक सिस्टीम बंद. आसपास बिडी-सिगारेट नाही. सीएनजी गाडी असेल तर ही काळजी दुप्पट. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर पाण्यात मिसळणाऱ्या रंगाकडेच वळावं. उरलेला स्प्रेचा डबा गाडीत विसरू नये. या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापवू नका अशी सूचना असते, आणि उन्हातल्या डॅशबोर्डचा आकडा वर आलाच आहे.

मोसमाचंही बघावं लागतं. पावसाळ्यात पाण्याचे रंग सुकत नाहीत, चिकट राहतात आणि त्यावर बुरशीही धरते. मे महिन्याच्या उन्हात स्प्रेचा थेंब सीटवर पोचण्याआधीच अर्धवट सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. रंग हाताला सुका लागला म्हणजे तो पक्का झाला असं नाही. निदान एक पूर्ण दिवस सीटवर बसायचं नाही, आणि पुढचा आठवडाभर तरी ओलं फडकं, चाइल्ड सीट, जड सामान यांपासून तिला लांब ठेवायचं.

टिकेल की नाही, हे आधीच कसं कळेल?

सगळ्या सीटला हात घालण्याआधी मागच्या सीटच्या खालच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर सगळे टप्पे करून बघा. दोन दिवसांनी तीन गोष्टी तपासा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा, पट्टीवर रंग आला तर साफसफाई कमी पडली. जागा दुमडून सोडा, रेघ पडली तर रंग कडक आहे किंवा थर जाड झालाय. मग पांढरा रुमाल एकदा कोरडा आणि एकदा ओला करून दहा-वीस वेळा जोरात घासा. कापडगिरण्यांत रंगाचा पक्केपणा मोजायला क्रॉकमीटर नावाचं यंत्र असतं, ते हेच करतं. रुमाल पांढरा राहिला तरच पुढे जा.

जीन्सच्या निळ्या डागांसाठी रंग काढायला निघाला असाल तर आधी साबण आणि मऊ ब्रशने प्रयत्न करा. जीन्समधली नीळ धाग्याच्या वरवरच बसलेली असते, म्हणून ती घासून सीटवर उतरते. ताजा डाग बऱ्याचदा निघतो. महिनोन्‌महिने राहिला की नीळ रेक्झीनच्या आत सरकते आणि मग रंगाशिवाय इलाज नसतो. मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने डाग जातो, पण तो स्पंज म्हणजे एक प्रकारचा बारीक पॉलिश पेपरच आहे. रोज वापरला तर सीटची चमक घेऊन जातो.

आरटीओला कळवावं लागतं का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. प्रमाणपत्रात गाडीच्या बॉडीचा रंग असतो आणि आसनक्षमता असते. सीटच्या आवरणाचा रंग त्यात नसतो. म्हणून बाहेरून गाडीचा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, सीटसाठी नाही.

कायद्याची एक बाजू मात्र फारशी चर्चेत येत नाही, ती म्हणजे आग. गाडीच्या आतली कापडं आणि प्लॅस्टिक किती वेगाने जळावीत याला मर्यादा असते. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमानुसार आडव्या धरलेल्या नमुन्यावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये. भारतातही आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. कंपनीची सीट अशा चाचणीतून गेलेली असते, आपण वरून चढवलेला थर गेलेला नसतो. त्यामुळे वाहनांसाठीचाच रंग घेणं आणि कमीत कमी थर देणं याला दिसण्यापलीकडचंही कारण आहे.

आणि कुशनवाल्याकडे कधी जायचं? पापुद्रे सुटले असतील, शिवण उसवली असेल, फोम बसला असेल किंवा ड्रायव्हरची कापडी सीट पूर्ण वेगळ्या रंगात हवी असेल तेव्हा. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी ही कामं करणारे आहेत. तिथे गेल्यावर भाव विचारण्याआधी एकच विचारायचं: साइड एअरबॅगच्या जागेची शिवण कशी घालणार? जो कारागीर त्या जागी वेगळा, फाटणारा दोरा वापरतो आणि तो काढून दाखवतो, त्याच्याकडे गाडी सोडायला हरकत नाही.